सुटका झाल्यावर (लेखांक 4) : चौऱ्याण्णव रुपये रोज

गेल्या आठवड्यात फर्लो आणि पॅरोल यांतला फरक पाहिला. आज कामाचं बघू.

धाराशिवच्या जिल्हा कारागृहात मुख्यतः कच्चे कैदी असतात. जन्मठेप लागलेला मराठवाड्यातला माणूस बहुधा हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात जातो आणि वागणूक चांगली राहिली तर पुढे पैठणच्या खुल्या कारागृहात. जायकवाडीलगत 1968 पासून कैदी तिथे शेती करतात. काढलेल्या दिवसाला दिवसाची माफी मिळते, म्हणून पैठणला नंबर लागावा असं ज्याला त्याला वाटतं.

पण खुल्या तुरुंगाच्या या कल्पनेचं मूळ माणदेशात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शांतारामबापूंचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरचा, आणि कथा लिहिणारे गदिमाही त्याच मातीतले. चित्रपट सगळ्यांना आठवतो, वसाहत आजही चालू आहे हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिथे कैदी बायकापोरांसह राहतो. मला स्वतंत्रपूर मोठं वाटतं ते यासाठी. कुलूप नसणं ही त्यामानाने लहान गोष्ट.

मग खुल्या तुरुंगातले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळतात का? उत्तर देताना जरा जपून. तिथे माणसं आधीच चाळून घेतलेली असतात. चाळणीवर राहिलेल्यांचं श्रेय चाळणीला द्यायचं की शेतीला? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कैद्यांना दिवसा बाहेर नोकरीला सोडतात. त्यावरच्या 1996 च्या अभ्यासात बहुतेकांना काम मिळालं, पण पुन्हा अटक होण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही.

आपल्याकडे तर कैदी सहसा बाहेरच्या मालकाकडे जातच नाही. राबतो तुरुंगाच्याच रानात. मजुरी 2023 च्या वाढीनंतर खुल्या कारागृहात दिवसाला 94 रुपये. रोजगार हमीचा दर 2024-25 मध्ये 297 होता. राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 ला येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना आणली, कैद्याच्या मजुरीवर 50 हजारांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याजाने. घरच्यांची फी, दवाखाना, वकील यांना त्याचा आधार. चांगली गोष्ट आहे, पण कर्जाने नोकरी लागत नाही.

भूम-परंड्याकडे परतलेला माणूस पैठणला ठिबक जोडायला शिकला, तरी ते जोडायला रान स्वतःचं हवं आणि त्यात पाणीही हवं. वॉचमन व्हायचं तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी. ऊसतोडीचा मुकादम मात्र कागद मागत नाही. तो उचल मोजून देतो, आणि दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन जोडी ट्रकमध्ये बसते.