वहीची मागणी आणि संशोधनाचे मोल

परीक्षा जवळ आली, की वर्गातील एखाद्या मुलाच्या वहीला फार मागणी येते. ही मागणी मोजून त्या मुलाची हुशारी ठरवता येईल काय? विद्यार्थी मित्रांनो, शास्त्रज्ञांच्या जगात साधारण असेच करतात.

संशोधक आपले काम शोधनिबंधात मांडतो आणि ज्या जुन्या निबंधांचा आधार घेतला, त्यांची यादी शेवटी देतो. यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे त्या जुन्या निबंधाचा एक उल्लेख. या याद्या उलट बाजूने वाचल्या, तर एखादा निबंध पुढे कोणाकोणाच्या उपयोगी पडला ते कळेल, ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली. पुढे १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या संस्थेने अशी उल्लेखसूची काढली.

आता गंमत पाहा. २०१४ साली केलेल्या एका मोजणीत पहिला क्रमांक लागला तो ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांच्या १९५१ सालच्या निबंधाचा. उल्लेख तीन लाखांहून अधिक! त्यात आहे काय? द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक सोयीची रीत. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध मात्र पहिल्या शंभरातही नव्हता. म्हणजे उल्लेखांवरून वापर कळतो; शोधाची थोरवी कळतेच असे नाही.

दुसरी अडचण विषयांची. जीवरसायनशास्त्रात संशोधक पुष्कळ आणि निबंधांच्या याद्या लांब. गणितात याद्या आखूड, शिवाय निबंधाची दखल घेतली जाण्यास वर्षे लागतात. समजा, एका विषयात दर निबंधामागे सरासरी २० उल्लेख होतात, दुसऱ्यात ४. पहिल्या विषयातील ३० उल्लेखांचा निबंध सरासरीच्या दीडपट ठरला. दुसऱ्यातील १२ उल्लेखांचा निबंध तिप्पट! म्हणून एखाद्या देशातील गणिताचे संशोधन जोखायचे, तर जगातील गणिताच्याच, आणि त्याच वर्षीच्या निबंधांच्या सरासरीशी ताडून पाहावे लागते.

काळाचेही तसेच. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या १९३५ च्या निबंधाकडे कित्येक वर्षे फारसे कोणी वळले नाही. आज क्वांटम भौतिकीत त्याचा उल्लेख सतत होतो.

अनुदाने आणि नेमणुका ठरवताना हे आकडे पाहिले जातात. ते चुकीचे वाचले, तर एखाद्या चांगल्या विषयाची उपासमार व्हायची. प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना व्हर्निअर हाती देताना बजावतो, की आधी शून्यत्रुटी पाहा, मगच मापन लिहा. उल्लेखांच्या मोजपट्टीलाही हाच नियम लागू आहे.