आवाज न करणारी गाडी आणि रानाची वाट

“अगं, गाडी चालू आहे की बंद पडली?” ताम्हिणीजवळच्या कच्च्या वाटेला लागलो तेव्हा सासूबाईंनी हे तीनदा विचारलं. विजेच्या गाडीची हीच तर गंमत! काचा खाली केल्या की चाकाखालचा पाचोळा ऐकू येतो, पाखरांची किलबिल ऐकू येते. पेट्रोलच्या धुराने पोटात ढवळत नाही, त्यामुळे घाटात लिंबू चोखत बसावं लागलं नाही.

पण मैत्रिणींनो, या शांततेची दुसरी बाजूही त्याच दिवशी पाहिली. एका वळणापुढे एक आजी डोक्यावर मोळी घेऊन वाटेच्या मधोमध चालल्या होत्या. गाडी दहा हातांवर आली तरी त्यांना पत्ता नाही! मी ब्रेक दाबला आणि हलकेच हॉर्न दिला, तशा त्या एवढ्या दचकल्या की मोळी खाली पडली. “आगं बाय, येतीस तर लांबनं तरी वरडायचं!” त्या म्हणाल्या. उतरून मोळी उचलून दिली, पण माझे हात किती तरी वेळ थरथरत होते. इतकी वर्षं रानातली माणसं नि गुरं इंजिनाच्या घरघरीवरून बाजूला होत आली. आपण ती घरघर काढून घेतली, तर जपायची जबाबदारी आपल्यावरच आली. तेव्हापासून कच्च्या वाटेवर मी माणसाच्या चालीने गाडी नेते आणि वळणाच्या बरंच आधी हॉर्न देते. गुरं दिसली की मात्र हॉर्न न देता थांबूनच राहते.

आता थोडा हिशोब. महिन्याचा किराणा बसवणाऱ्या बाईला हा काही अवघड नाही. साधारण मोटारीला सपाट रस्त्यावर एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाता येतं. चार माणसांसह १०० मीटर उंची चढायची, तर वर आणखी अर्धा युनिट लागतो. म्हणजे ५०० मीटरच्या चढाला अडीच युनिट जादा. उतरताना मोटर उलट काम करून त्यातली बरीचशी वीज बॅटरीत परत भरते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवणार कुठे? म्हणून घर डोंगरावर असेल नि निघताच उतार लागणार असेल, तर थोडी जागा रिकामी ठेवावी. चिखलात आणि खडकाळ वाटेवर वीज जास्त खर्च होते. आडवाटेला चार्जिंगची सोय धरूच नये. परतीची वीज बाजूला काढून ठेवायची आणि उरलेल्यातच हिंडायचं. आमच्या मुलीने “आई, अजून थोडं पुढे!” म्हणून हट्ट धरला होता, पण काटा अर्ध्यावर आला नि मी गाडी वळवली.

हे चढ-उताराचं गणित मुळशीला फार जुनं आहे बरं का. तिथल्या धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला नेऊन १९२७ पासून वीज केली जाते. त्या धरणात मावळ्यांची गावं आणि भातखाचरं बुडाली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी आणि इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. बायकाही त्यात मागे नव्हत्या. सासूबाईंनी मुलीला हे सगळं तलावाच्या काठी सांगितलं. वीज स्वच्छ खरी, पण ती कुणाच्या तरी अंगणातूनच येते.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा :

• अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालू नये. गावकऱ्यांच्या रुळलेल्या वाटेनेच जावं, गवतात नवी वाट पाडू नये.

• बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. दगड लागल्यासारखं वाटलं, तर परतल्यावर तपासून घ्यावं. पाण्याची खोली कळत नसेल, तर ओढ्यात गाडी घालू नये.

• ॲक्सिलरेटर हळू दाबावा. विजेची मोटर एकदम जोर लावते आणि चाक चिखलात जागच्या जागी फिरतं.

• दशमी, चटणी नि पाणी घरूनच न्यावं. कागद-पिशव्या परत आणाव्यात.

दिवेलागणीच्या आत घरी पोचलो. काट्यावर अजून पाव भाग वीज होती. “पुढच्या खेपेला त्या मोळीवाल्या आजींना लाडू घेऊन जाऊ,” सासूबाई म्हणाल्या. “आणि हॉर्न लांबून दे हो!”