बारा फुटांना एक फूट

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची इमारत डोळे मिटूनही सांगता येते. दीड-दोन फुटांचे जोते, तीन-चार पायऱ्या, समोर व्हरांडा, मागे ओळीने वर्गखोल्या, कोपऱ्यात खिचडी शिजवायची खोली आणि मैदानाच्या पार टोकाला स्वच्छतागृह. पावसाचे पाणी वर्गात शिरू नये म्हणून जोते उंच, गुरे येऊ नयेत म्हणून फाटक अरुंद, वास येऊ नये म्हणून स्वच्छतागृह लांब. प्रत्येक गोष्टीमागे शहाणपण आहे. फक्त ज्याने नकाशा काढला त्याच्या डोळ्यांपुढे धावत येणारे मूल होते. कुबडी घेऊन, चाकाच्या खुर्चीवर किंवा भिंत चाचपत येणारे मूल घरीच राहणार, हे त्याने धरून टाकले होते.

कायद्याने तसे धरायची सोय केव्हाच काढून घेतली. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ सालची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेच्या इमारतीच्या निकषांत अडथळामुक्त प्रवेश घातला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले; त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली. म्हणजे इमारतीने आता नुसता पायांचा विचार करून भागत नाही, कानांचा, डोळ्यांचा आणि घाबरणाऱ्या मनाचाही करावा लागतो. प्रत्यक्षात मात्र सारी अक्कल अजून उतारापाशीच अडली आहे. तो तरी धड बांधावा!

उताराचे गणित तिसरीतल्या मुलालाही जमेल. १ फूट चढायचे तर १२ फूट लांबी. जोते २ फुटांचे असेल तर उतार २४ फूट हवा. शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला पाच-पाच फूट सपाट जागा. एवढी लांबी पायऱ्यांसमोर क्वचितच मिळते. व्हरांड्याला समांतर नेला किंवा मध्ये सपाट टप्पा देऊन काटकोनात वळवला, तर बहुतेक शाळांत बसतो. पण निधी येतो मार्चच्या तोंडावर, काम उरकायचे असते, मग पायऱ्यांच्याच लांबीत, पाच-सहा फुटांत सिमेंट ओतून मोकळे होतात. याला घसरगुंडी म्हणावे, आणि मधल्या सुट्टीत पोरे तिचा उपयोग तसाच करतात. चढताना खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो. खरा धोका उतरतानाचा.

दुसरी गोम पृष्ठभागात. कोबा आरशासारखा घोटण्यात गवंड्याचे कसब, आणि तो उतारही प्रेमाने तसाच घोटतो. जूनमध्ये पहिली सर आली की त्यावर कुबडीचे रबर धरत नाही. ओल्या कोब्यावर आडवा खराटा ओढून ओरखडे उठवले की काम होते. त्याला एक पैसा जास्त लागत नाही, फक्त गवंड्याला तिथे उभे राहून सांगावे लागते. चाक किंवा कुबडी बाजूला घसरू नये म्हणून कडेला दोन-तीन इंचांची वर उचललेली कड हवी. कठड्याला दोन पाइप हवेत, एक मोठ्यांच्या हाताला, एक पहिलीतल्या मुलाच्या. आणि ते पाइप उतार संपल्यावर फूटभर पुढे यावेत, कारण तोल जातो तो शेवटच्या पावलाला.

उतार चांगला झाला तरी वाट झाली असे नाही. फाटकातल्या दिंडीला पाय उचलून ओलांडायचा लोखंडी पट्टा असतो. मैदानात मुरूम, खुर्चीची पुढची लहान चाके त्यात रुततात. चार-पाच फूट रुंदीचा पक्का पट्टा फाटक ते उतार आणि उतार ते स्वच्छतागृह असा सलग हवा. वर्गाच्या दाराला उंबरठा नको, आणि दार उघडल्यावर मोकळी जागा निदान ९० सेंटिमीटर हवी.

स्वच्छतागृहात तर सगळेच उघडे पडते. कमोड असते, पाणी नसते. धरायला दांडी असते, पण दार आत उघडते, त्यामुळे खुर्ची आत गेल्यावर ते लागत नाही. कडी मोठ्या माणसाच्या हाताला. पुष्कळ ठिकाणी ही खोली कुलपात राहते, ‘घाण होऊ नये म्हणून’, आणि आत खराटे, फुटके बाक. ज्या मुलाला दुपारपर्यंत धरून बसावे लागते, ते सकाळी पाणी पीत नाही. काही आठवड्यांत शाळेतच यायचे थांबते, आणि हजेरीवर कारण लिहिले जाते ‘आजारी’.

कान आणि डोळ्यांसाठी इतकी तोडफोडही लागत नाही. पत्र्याचे छप्पर, उघडी फरशी आणि कपाटे आडवी लावून एका खोलीचे केलेले दोन वर्ग, यात आवाज घुमतो. श्रवणयंत्र बाईंच्या आवाजाबरोबर बाक सरकल्याचा आवाजही मोठा करते. बाकाच्या पायांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी रबरी टोपणे लावली, मागच्या भिंतीला जाड कापडाचा फलक लावला, तर फरक कळतो. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. चेहऱ्यावर अंधार पडतो आणि ओठ वाचणाऱ्या मुलाचा धडाच बुडतो. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढला की मंद दृष्टीच्या मुलाला ती दिसते.

आता थोडे अप्रिय बोलतो. इमारतीलाच शिकवण्याचे साधन करण्याची ‘बाला’ ही कल्पना दिल्लीचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी रुजवली. दार उघडते तिथे जमिनीवर कोनमापक रंगवायचा, गजांवर मणी ओवून मोजायला लावायचे. बोटांनी शिकणाऱ्या मुलासाठी हे सोने आहे. पण आपल्याकडे तिच्या पुष्कळदा नुसत्या ‘बोलक्या भिंती’ झाल्या: छतापर्यंत रेल्वेचे डबे, पाढे, फळे, पुढारी. स्वमग्न मुलाला या भिंती बोलत नाहीत, ओरडतात. फळ्याची भिंत तरी कोरी ठेवा, आणि वर्गाच्या एका कोपऱ्यात, जिथे मूल शांत होईपर्यंत बसेल, तिथे फिकट रंगाखेरीज काही नको.

उताराच्या बाबतीत सरकारी माहितीचा तक्ता शाळेला एवढेच विचारतो: उतार आहे की नाही, कठडा आहे की नाही. त्यामुळे घसरगुंडीही ‘आहे’त मोडते. राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके हेच दुखणे धरले. सुगम्यतेचे नियम शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारक हवेत, असे सांगून केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

दिल्लीतले नियम गावापर्यंत यायचे तेव्हा येतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि शाळा विकास आराखडा करणे हे कायद्याने त्या समितीचेच काम आहे. तुम्ही समितीत असाल तर पुढच्या बैठकीला मोजपट्टी घेऊन जा. जोत्याची उंची मोजा, तिला बाराने गुणा, मग उताराची लांबी मोजा. आकडे जुळले नाहीत तर ते इतिवृत्तात लिहून घ्या, आणि स्वच्छतागृहाच्या त्या कुलपाची किल्ली त्याच दिवशी मागून घ्या.