रायबाचा गड

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा मलाही आनंद झाला. थेट तमिळनाडूतला जिंजी त्यात आला, तो यायलाच हवा होता. चंदगड-गडहिंग्लजकडचा एकही गड त्यात नाही. पण जिव्हारी लागलं ते वेगळंच: त्याची उणीव कुणाला भासलीसुद्धा नाही.

आदिलशाही, सावंत, करवीरकर अशी या गडांची मालकी बदलत गेली. त्या सनावळीत मला रस नाही. 1844 मात्र सोडवत नाही. करवीर संस्थानात दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात गेल्या आणि गडहिंग्लजकडच्या सामानगडचे गडकरी उठले. इंग्रजांनी गड घेतला, मग तटबंदी पाडली. ज्याला आपण काळाचा घाला म्हणतो, ती पडझड हुकमाने झालेली आहे. शाळेत हे बंड आम्हाला कुणी शिकवलं नाही. 1956 ला चंदगड तालुका बेळगावातून निघून कोल्हापूरला आला. वल्लभगड, राजहंसगड सीमेपलीकडे राहिले.

माझे गडांवरचे दिवस ऐंशीच्या दशकातले. चंदगडच्या पारगडावर मुक्काम पडला की भवानीच्या देवळापाशी म्हातारी माणसं बोलती व्हायची. ज्याचं लग्न बाजूला ठेवून तानाजी कोंढाण्यावर गेला, त्या रायबाचं पुढे काय झालं, हे पोवाडा ऐकून उठणाऱ्या महाराष्ट्राने कधी विचारलं नाही. तो इथे किल्लेदार झाला. चंद्र-सूर्य असेतोवर गड जागता ठेवा, ही महाराजांची आज्ञा तिथल्या आजीबाई घरातली ताकीद असावी तशी सांगायच्या. मालुसऱ्यांचे वंशज गडावर नांदत होते ते त्या शब्दाखातर.

सामानगडाच्या पायथ्याशी सरसेनापती प्रतापराव गुजरांची कथा चाले. 24 फेब्रुवारी 1674 ला ते नेसरीच्या खिंडीत पडले. सोबतच्या सहा वीरांची नावं मला दर गावात वेगळी ऐकू आली. प्रत्येक गावाला त्या सातांत आपला एक माणूस हवा होता. संशोधकांनी याला खुशाल भाकडकथा म्हणावं. मला त्यात या मुलखाचं मन दिसतं.

जून 1986 मध्ये सीमाभागातल्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर गड म्हटलं की पहिला प्रश्न एकच: तो कुठल्या राज्यात? व्यासपीठावरून गडांच्या आणाभाका घेणारे पुढारी मला गडावर कधी भेटले नाहीत. सांगणारी म्हातारी माणसं मात्र एकेक करून गेली. त्यांच्या कथा टिपून घ्यायला ना इकडचं सरकार आलं, ना तिकडचं.

मार्च 2023 मध्ये राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचं अनावरण चार दिवसांत दोनदा झालं, एकदा एका पक्षाचं, एकदा दुसऱ्याचं. पारगडावर तसला सोहळा नको. तिथल्या पोरांना गोव्याला, मुंबईला न जाता गडावर राहता येईल एवढं काम द्या. देवीचं नवरात्र ती करतील.