क्रॉफर्ड साहेबाची पुण्यातली कमिशनरी

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या माणसाला एकोणिसाव्या शतकात सरकार भेटायचे ते इंदापूरच्या कचेरीत, मामलेदाराच्या रूपाने. त्याच्यावर असिस्टंट कलेक्टर, त्यावर कलेक्टर, आणि सगळ्यांच्या माथ्यावर पुण्यात बसणारा मध्य विभागाचा कमिशनर. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश एवढा मुलूख या एका माणसाच्या हाताखाली. कुणा मामलेदाराला बढती द्यायची, कुणाला आडगावी टाकायचे, हे त्याच्या शब्दावर ठरे. १८८८ च्या जुलैत या खुर्चीवरचे आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड लाचखोरीच्या आरोपावरून निलंबित झाले, तेव्हा इंदापूर-भीमथडीपासून थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली.

हा कुणी सुमार अधिकारी नव्हता, हे आधी सांगायला हवे. १८६५ च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, तो हाच. वय जेमतेम तिशीचे. रस्ते, गटारे, पाणी, बाजार यांवर हा माणूस तुटून पडला. गावातले कत्तलखाने हलवून त्याने वांद्र्याला नेले. १८६९ मध्ये उभी राहिलेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत अजून त्याचे नाव सांगते. कागदोपत्री ती आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. (रयतेला नाडणाऱ्या अंमलदारांवर आसूड ओढणाऱ्या फुल्यांचे नाव या साहेबाच्या नावावर चढावे, हा योग कुणी मुद्दाम जुळवला असेल असे वाटत नाही.) पण पैसा खर्चताना क्रॉफर्डला हिशेब म्हणून माहीत नव्हता, ना म्युनिसिपालिटीचा ना स्वतःचा. १८७१ मध्ये करदाते खवळले आणि त्याला ती जागा सोडावी लागली. फिरोजशहा मेहता तेव्हा ऐन पंचविशीत होते. भर गदारोळात त्यांनी क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली होती, ही गोष्ट फारशी कुणी आठवत नाही.

मुंबईतून गेला तरी तो बुडाला नाही. सनदी नोकरीत तेव्हा माणूस सहसा बुडत नसे. रत्नागिरीची कलेक्टरी, मग कमिशनरी, अशी चढण चालू राहिली. डोक्यावरचे कर्जही त्याच्याबरोबर गावोगाव फिरत राहिले. साहेब खर्चिक, दिलदार, बोलका. ज्यांच्यावर अंमल चालवायचा त्याच मुलखातल्या सरदार-सावकारांकडून हातउसने घ्यायची त्याला सवय लागली होती.

पुण्यात आल्यावर मध्ये हणमंतराव नावाचा दलाल उभा राहिला. मामलेदाराचा पगार महिना दीडशे ते अडीचशेच्या घरात. बढती हवी असेल, नको तिथली बदली टाळायची असेल, तर हणमंतरावाला भेटा, असे कचेऱ्यांतून उघड बोलले जाऊ लागले. कुणी हौसेने दिले, कुणी घाबरून. बरीच वर्षे हे चालले आणि वरच्या साहेबांच्या कानावरही गेले असणार. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी मात्र ते कानाआड केले नाही. ओमॅनी नावाच्या अधिकाऱ्याला त्यांनी चौकशीला बसवले आणि मामलेदारांना अभय दिले: दिलेली लाच कबूल करा, खरी साक्ष द्या, तुमच्यावर खटला होणार नाही, नोकरीही जाणार नाही.

निलंबनानंतर क्रॉफर्डने वेष पालटून पुणे सोडले आणि तो मुंबईत पकडला गेला. विभागाचा कमिशनर वेष पालटून पळतो, याहून मोठा पुरावा लोकांना नको होता. हणमंतराव फौजदारी खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेला. साहेबासाठी मात्र कोर्ट नव्हते, आयोग होता. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन अध्यक्ष, बरोबर आणखी दोघे. पुण्यात सुनावणी झाली, मामलेदार एकामागून एक उभे राहून ‘होय, मी पैसे दिले’ असे सांगू लागले.

आयोगाने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. लाच देणारा हा गुन्ह्यातला भागीदार, त्याच्या शब्दावर कमिशनरला दोषी कसे ठरवावे, असा कौल पडला. अंमलाखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचे तेवढे शाबीत झाले. मुंबई सरकारला हा कौल पटला नाही. प्रकरण विलायतेला गेले आणि भारतमंत्र्यांनी क्रॉफर्डला नोकरीतून काढले, तेही कर्जाच्या कारणावरून. लाचेचा डाग कागदावर लागलाच नाही.

मग वादळ फिरले ते मामलेदारांवर. मामलेदार मॅजिस्ट्रेटचे कामही करत. विलायती वर्तमानपत्रांनी आणि पार्लमेंटातल्या सभासदांनी हाकाटी केली, की लाच दिल्याची कबुली देणारे न्यायदानाच्या खुर्चीवर बसतातच कसे? प्रश्न वाजवी होता. पण त्यांना कबुली द्यायला सरकारनेच बोलावले होते, लेखी वचन देऊन. पुण्यात संताप उसळला. १ सप्टेंबर १८८९ च्या जाहीर सभेत तेहतिशीतल्या टिळकांनी वचनभंगाचा मुद्दा लावून धरला, विलायतेत हिंदुस्थानची बाजू मांडणाऱ्या डिग्बींना लिहिले, पार्लमेंटातल्या ब्रॅडलॉंपर्यंत गाऱ्हाणे पोचवले. अखेर मामलेदारांवर खटले होऊ नयेत म्हणून भारत सरकारने खास कायदा केला. तरी काहींच्या नोकऱ्या गेल्याच. चळवळीचे आपले पहिले धडे टिळकांनी इथे गिरवले, असे माझे मत.

या साऱ्या गदारोळात एक पक्ष बोललाच नाही, तो रयतेचा. ब्रिटिशांनी रयतवारी मोजणी आणि जमाबंदीचा नवा प्रयोग प्रथम केला तो याच इंदापूर तालुक्यात, १८३५ च्या सुमारास. तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा असा वाढला, की १८७५ च्या मे महिन्यात शेजारच्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या पेटल्या, त्यामागच्या कारणांत हीही वाढ मोजली जाते. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ. अशा मुलखात मामलेदारीला भाव ठरला असेल, तर मामलेदार ती रक्कम कुठून भरून काढणार? पगारातून खचित नाही. पण आयोगापुढचे आरोप होते बढती-बदलीचे आणि कर्जाचे. रयतेच्या अंगावर किती पडले, हा त्यातला प्रश्नच नव्हता. पुण्यातल्या सभांतही तो कुणी लावून धरला नाही. मामलेदार आणि त्यांचे कैवारी एकाच पेठांतले, एकाच शाळांतले होते, हे त्याचे सरळ कारण. सरकारने शब्द मोडला हे टिळकांचे म्हणणे सोळा आणे खरे, तरी शेळगाव त्या सभेत नव्हते.

क्रॉफर्ड पुढे विलायतेत राहून लिहीत बसला. १८९७ मध्ये, पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर, त्याने दख्खनच्या अस्वस्थतेवर पुस्तक काढून सारे खापर चित्पावनांवर फोडले. पुण्याच्या ब्राह्मणांनी डाव रचून आपल्याला घालवले, ही त्याची समजूत त्यात लपत नाही. १९०९ मध्ये कोकणातल्या दंतकथांचे पुस्तक आले, ते मात्र गोडीने लिहिलेले. १९११ मध्ये तो वारला.