मातीचे मावळे आणि खानाची बाजू

दिवाळी जवळ आली की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत चाळींच्या अंगणांत, आणि आता तर नव्या संकुलांच्या वाहनतळांच्या कोपऱ्यांतही, किल्ले उभे राहतात. विटांचा ढिगारा, त्यावर गोणपाट, चिखलाचा लेप, अळिवाची हिरवळ आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे. माथ्यावर महाराज सिंहासनावर बसलेले असतात, पायथ्याशी गवळण असते, गुहेत वाघही असतो. ही सृष्टी मोहक खरी. परंतु तीत एका गोष्टीची उणीव असते. या किल्ल्याला शत्रू नसतो. मावळा भाला रोखून उभा असतो, पण तो कोणावर, हे पाहणाराही विचारत नाही आणि रचणाराही सांगत नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या काही विद्यार्थ्यांनी हेच मावळे टोपलीत भरून न ठेवता मेजावर मांडले. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेले प्लायवूडचे उरलेसुरले तुकडे जोडून पट केला, थर्माकोलचे डोंगर केले, अंतर मोजण्यास फूटपट्टी आणि दैव ठरविण्यास ल्यूडोचे फासे घेतले. अंबरनाथच्या एका घरात त्यांचा पहिला सामना झाला. पंच म्हणून मला बोलावले होते.

हा खेळ त्यांनी शोधून काढलेला नाही, हे सांगितले पाहिजे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या वडिलांच्या कल्पनेला नियमबद्ध रूप देऊन नकाशावरील युद्धखेळ प्रसिद्ध केला आणि तेथील सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याला स्थान मिळाले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम लिहिले. त्यांनीच त्या पुस्तकात खऱ्या युद्धाचा धिक्कारही केला. बुद्धिबळाशी याचे नाते आहे, पण ते दूरचे. बुद्धिबळात दोन्ही सैन्ये सारखी, पट सपाट आणि दैवाला वाव नाही. रणांगणात यांपैकी एकही गोष्ट खरी नसते.

मुलांनी प्रसंग निवडला उंबरखिंडीचा. १६६१ च्या आरंभी शाइस्ताखानाच्या आज्ञेवरून कारतलबखान कोकणात उतरण्यास निघाला आणि शिवाजी महाराजांनी त्याला घाटाखालच्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत कोंडले. आज त्या समरभूमीचे स्मारक खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ आहे. आपल्या मार्गावरून खोपोली गाडीने जाणाऱ्याला ते फार दूर नाही.

पहिली अडचण खेळ सुरू होण्यापूर्वीच आली. खानाची बाजू घेण्यास कोणी तयार होईना. पाचही जणांना महाराजांकडून लढावयाचे होते. अखेर चिठ्ठ्या टाकल्या आणि खानाची चिठ्ठी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला आली. बाकीचे हसले. ती मात्र मुकाट्याने आपली फौज विकत घेऊ लागली.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. प्रत्येक बाजूस ठरावीक गुण दिले होते. पायदळाचा शिपाई दोन गुणांना, घोडेस्वार पाच गुणांना, तोफ पंधरा गुणांना. खानाला मावळ्यांच्या दुपटीहून अधिक गुण होते. खजिना आणि सामानाचे बैल वेगळे. तिने चार तोफा घेतल्या. त्या चार तोफांच्या मोलात तीस शिपाई आले असते. संधी खर्चाची व्याख्या परीक्षेत लिहिणाऱ्यांना तो खर्च प्रत्यक्ष मोजताना मी प्रथमच पाहिला. घाटात पायदळाला एका फेरीत सहा इंच चालता येई, तोफेला दोन. खिंड इतकी अरुंद केली होती की एका वेळी तीनच शिपाई पुढे उभे राहू शकत. म्हणजे मागे कितीही सैन्य असो, लढणारे तीनच. चौथ्या फेरीत तिने डोके वर करून विचारले, "सर, माझा चाळिसावा शिपाई नेमके काय करतो?" काहीच करीत नाही, उलट पाणी पितो. दर तिसऱ्या फेरीला पाण्यावाचून एक तुकडी जागच्या जागी खिळेल, असा नियम होताच. जमीन स्थिर ठेवून मजूर वाढवीत नेले तर काय होते, हे घटत्या फलाच्या नियमात मी वर्षानुवर्षे गव्हाच्या शेताचे उदाहरण देऊन शिकवीत आलो आहे. ते उदाहरण यापुढे मी देईन असे वाटत नाही.

मावळ्यांच्या बाजूचे चौघे तोवर जिंकल्याच्या आनंदात होते, आणि त्यांचे शिकणे तेथेच थांबले होते. महाराज जिंकणार हे त्यांना ठाऊक होते. का जिंकले, याची गरज त्यांना भासली नव्हती. ती गरज भासली खानाच्या खुर्चीत बसलेलीला. वाट कोणी निवडली, तोफा का आणल्या, मागे फिरण्याची सोय का ठेवली नाही, हे प्रश्न तिचे होते. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून इतिहास बहुतांशी विजेत्याच्या बुरुजावरून शिकविला जातो. त्याने अभिमान जागतो, हे मान्य. पण शत्रूला मूर्ख ठरविले की त्याला हरविणाऱ्याची बुद्धीही आपसूकच लहान होते, याचा विचार अभिमानाच्या भरात होत नाही.

१९४२ साली लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि ब्रिटिश नौदलातील तरुण स्त्रिया एका दालनाच्या जमिनीवर चौकटी आखून हेच करीत होत्या. जर्मन पाणबुडीच्या कप्तानाच्या जागी बसून त्यांनी डाव मांडले, तेव्हा पाणबुडी रात्री ताफ्याच्या मागील बाजूने आत शिरते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यावरचा उपायही निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात जपानी सेनानींनी 'यामातो' युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा डाव खेळला. फाशांनुसार पंचाने जपानी नौकांवर ९ बॉम्ब पडल्याचे सांगितले. अ‍ॅडमिरल उगाकी यांनी ९ चे ३ केले, आणि बुडालेली 'कागा' पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये खऱ्या समुद्रात 'कागा'सह चार विमानवाहू नौका गेल्या.

आमच्या मेजावरही तो मोह झाला. महाराजांच्या पुतळ्याजवळ उभ्या असलेल्या तुकडीवर वाईट फासा पडला, तेव्हा एका मुलाने तो पुन्हा टाकण्याची परवानगी मागितली. कारण विचारता म्हणाला, "सर, येथे हार बरी दिसत नाही." मी परवानगी दिली नाही. थोडी कुरबूर झाली, एवढेच.

सातव्या फेरीनंतर खानाच्या बाजूला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. त्या विद्यार्थिनीने नियमांची वही मागितली आणि शरणागतीचा नियम कोणत्या पानावर आहे, असे विचारले. तो नव्हता. शेवटचा शिपाई पडेपर्यंत लढावयाचे, असे सर्वांनी गृहीतच धरले होते. वस्तुतः उंबरखिंडीत तसे घडले नाही. खानाबरोबर असलेल्या रायबागनने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला, त्याने वकील पाठविला, आणि सामानसुमान टाकून देण्याच्या अटीवर महाराजांनी फौजेला जाऊ दिले. त्या दिवशी खानाच्या गोटात ज्या व्यक्तीला हिशेब नीट कळला होता, ती एक स्त्री होती.

मग अर्धा तास खेळ थांबला आणि वाद झाला. दोघांचे म्हणणे, सोडू नये. जिवंत गेलेला शत्रू पुन्हा येतो. तिसऱ्याने विचारले की कोंडलेल्या फौजेला संपवावयाचे तर आपले किती मावळे पडतील. त्यांनी फासे टाकून अंदाज घेतला. निम्मे. चौघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि वहीच्या दुसऱ्या पानावर एकाने लिहिले: सर्व बैल, खजिना व तोफा जागेवर सोडल्यास खानाच्या सैन्यास वाट द्यावी.