कानाची खात्री

दूरध्वनीवर ‘मुरुडहून बोलतो आहे’ असे म्हटले की पलीकडून पुष्कळदा पहिला प्रश्न येतो, “काय म्हणतो तुमचा समुद्र?” लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या गावाला समुद्र कोठून असणार? तो जंजिऱ्याजवळच्या मुरुडाला आहे आणि दापोलीकडच्या मुरुडालाही आहे. गंमत अशी की येथे कान चुकलेला नसतो. शब्द अगदी स्वच्छ पोचलेला असतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात गाव आधीच ठरून गेलेले असते. विमानाच्या रेडिओवर जे घोटाळे होतात त्यांचेही मूळ पुष्कळदा हेच असते, आणि तेथे प्रश्न नुसत्या समुद्राचा नसतो.

विमानांच्या बिनतारी संभाषणाची रीत आपल्या दूरध्वनीसारखी नाही. एका विभागातील सारी विमाने आणि जमिनीवरचा नियंत्रक एकाच लहरीवर बोलतात. एक बोलत असला की इतरांनी गप्प राहावयाचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द बुडतात आणि कानांत नुसती शिट्टी वाजते. त्यात यंत्रांचा घोंगाट, आणि बोलणारा जपानी, ऐकणारा बंगाली, भाषा इंग्रजी!

वैमानिकांच्या गोतावळ्यात यावर पुष्कळ किस्से आहेत. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना कप्तानाने उदास दिसणाऱ्या सहवैमानिकाला धीर दिला, “चिअर अप!” त्याने ऐकले “गिअर अप”, म्हणजे चाके वर घे, आणि आज्ञेप्रमाणे चाके घेतली. दुसऱ्या किश्शात उतरता उतरता बेत बदलून पुन्हा वर जाऊ पाहणारा कप्तान ओरडतो, “टेक-ऑफ पॉवर!” त्याला उड्डाणाची पूर्ण शक्ती हवी असते, शेजारच्याला वाटते, शक्ती काढून घ्या! हे किस्से जसेच्या तसे घडले की सांगता सांगता रंगले, याची ग्वाही आम्ही देत नाही. पण वैमानिक ते हसत हसत एकमेकांना सांगतात, त्यामागे भीती असते.

आकड्यांचे प्रकरण तर आपल्या आडत बाजारात कोणीही समजावून देईल. फोनवर ‘सत्तावन्न’ ऐकले की ‘सत्त्याण्णव’? ‘सात’ की ‘साठ’ की ‘आठ’? मुरलेला आडत्या लगेच विचारतो, “म्हणजे पाच-सात ना?” एकेक अंक सुटा बोलण्याची ही युक्ती विमानवाल्यांनीही नियम म्हणून स्वीकारली आहे. इतकेच नव्हे, तर अंकांचे उच्चारही त्यांनी घडवून घेतले. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’ म्हणावयाचे, कारण फाइव्ह आणि नाइन खरखरीत सारखेच ऐकू येतात. अक्षरांचेही तसेच. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सारी ‘ई’वर संपणारी भावंडे! म्हणून 1956 साली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही जगन्मान्य अक्षरमाला लागू झाली. भारतीय विमानाच्या नावाची सुरुवात तीत ‘व्हिक्टर टँगो’ अशी होते.

पण सुटे अंकही कधी दगा देतात. 19 फेब्रुवारी 1989 रोजी एक मालवाहू बोइंग 747 विमान क्वालालंपूरला उतरत होते. नियंत्रकाने उंची सांगितली, ‘टू फोर झीरो झीरो’, म्हणजे दोन हजार चारशे फूट. इंग्रजीत ‘टू’ म्हणजे दोन आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ही. वैमानिकांनी घेतले, ‘चारशेपर्यंत’. देवनागरीत लिहून पाहावे, दोन्ही वाक्यांत काडीचा फरक दिसत नाही! त्यांनी नियमाप्रमाणे आज्ञा परत म्हणूनही दाखविली, ‘फोर झीरो झीरो’. नियंत्रकाच्या कानाला आपलेच चोवीसशे ऐकू यावयाचे होते. चूक त्याच्या ध्यानात आली नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा यंत्र देत होते, तरी विमान टेकडीवर आदळले आणि आतील चौघेही गेले.

ऐकलेली आज्ञा परत म्हणणे हा सर्वांत जुना आणि चांगला उपाय आहे. किराणा दुकानदारही यादी परत वाचतो. पण परत म्हणणारा एक आणि ते कान देऊन ऐकणारा दुसरा, असे दोघे जागे असावे लागतात.

सर्वांत मोठा अनर्थ घडला तो 27 मार्च 1977 रोजी, कॅनरी बेटांतील तेनेरीफच्या विमानतळावर. दाट धुके होते. एका टोकाला डच विमान उड्डाणाच्या तयारीत उभे, आणि त्याच पट्टीवर अमेरिकेचे पॅन अॅम विमान अजून चालत होते. डच सहवैमानिकाने कळविले, ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत.’ नियंत्रकाला वाटले, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. तो ‘ओके’ म्हणाला आणि पुढे सांगू लागला की थांबा, मी बोलावीन. त्याच क्षणी पॅन अॅमनेही आपण पट्टीवरच असल्याचे कळविले. दोघांचे आवाज एकत्र आले, शिट्टी वाजली, आणि डच विमानात ‘ओके’ तेवढे स्वच्छ पोचले.

तरीही एक संधी उरली होती. पुढच्याच संभाषणातून डच विमानातील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारले, ते पॅन अॅम पट्टीवरून बाहेर गेले नाही का? कप्तान मोठा नावाजलेला. त्याने ठामपणे उत्तर दिले की गेले. इंजिनिअर पुढे बोलला नाही. 583 माणसे मेली. आम्हांला या कथेत शिट्टीपेक्षा ही शांतताच अधिक बोचते. थोरांपुढे ‘हो, हो’ म्हणून मान डोलविण्याचे वळण आपल्याही घरांत, कचेऱ्यांत आणि, खरे सांगावयाचे तर, व्याख्यानांतही आहे. ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ म्हणावयाला आपणास लाज वाटते.

तेनेरीफनंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावयाचे, असे ठरले. ‘रॉजर’ या शब्दाबद्दलही आपला समज चुकीचा असतो. त्याचा अर्थ ‘तुमचे बोलणे पोचले’ एवढाच आहे. ‘हो’ म्हणावयाचे तर ‘अफर्म’, आणि सांगितले तसे करतो म्हणावयाचे तर ‘विल्को’. आपल्या ‘हो’मध्ये हे तिन्ही अर्थ कोंबलेले असतात.

आपल्या देशाने याची किंमत 12 नोव्हेंबर 1996 रोजी मोजली. दिल्लीजवळ चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे विमान आकाशात धडकले. 349 बळी गेले. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहावयाचे होते, ते त्याखाली उतरले. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता. चालकांचे इंग्रजी कच्चे असल्याची गोष्ट चौकशीत पुढे आली. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा बंधनकारक केली. ती 2008 पासून लागू झाली. सहा पायऱ्यांपैकी निदान चौथी गाठावीच लागते, आणि चौथीवर असणाऱ्याने दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षेस बसावे, अशी शिफारस आहे. या परीक्षेत न समजलेली गोष्ट योग्य तऱ्हेने पुन्हा विचारता येते की नाही, हेही तपासतात.